उभ्या अक्षरांची शाळा

माझ्या आईची अक्षरं दोन होती. एक घरातलं. वाण्याच्या यादीतलं, मामाला पाठवायच्या पत्रातलं, उजवीकडे झुकलेलं, घाईत एकमेकांच्या अंगावर पडणारं. दुसरं वाचनालयातलं. ते ताठ, उभं, शिरोरेषा पट्टीनं आखल्यासारखी आणि प्रत्येक अक्षर शेजारच्यापासून जरासं सुटं. दाखलनोंद वहीत ती कायम हेच अक्षर काढायची. लहानपणी मला वाटायचं, वाचनालयात शिरताना आई चप्पल काढते, पदर सारखा करते, तसं हे अक्षरही दारातच अंगावर चढवत असेल.

आमच्या तालुक्याच्या गावातलं ते वाचनालय म्हणजे दोन खोल्या आणि एक पडवी. पडवीत वर्तमानपत्रांचं लांब टेबल, आत लोखंडी कपाटं. संध्याकाळी साडेपाचला कुलूप निघायचं. आईला पगार नव्हता, मानधन होतं, तेही अनुदानाचा हप्ता आला की मिळायचं. कामावर घेताना समितीनं एकच अट घातली होती, ग्रंथपालाचा कोर्स करावा लागेल. मी दुसरीत होते तेव्हा ती जिल्ह्याच्या गावी त्या प्रशिक्षण वर्गाला जायची. पहाटेची एसटी, डब्यात पोळी-भाजी, मी आजीकडे. रात्री सगळं आवरलं की ओट्याच्या कडेला कोरी कार्डं मांडून ती तालिकापत्रं, म्हणजे पुस्तक शोधायची कार्डं, लिहीत बसायची. आधी आडनाव, मग स्वल्पविराम, मग नाव. खालची ओळ ठरावीक जागा सोडून आत. चुकलं तर खाडाखोड नाही, कार्ड नवं घ्यायचं. वाया गेलेल्या कार्डांच्या पाठीवर मी पाढे लिहायचे.

तिच्या वर्गातल्या सरांचं एक वाक्य ती आम्हाला ऐकवायची. "कार्ड आपण आपल्यासाठी लिहीत नाही. आपण गेल्यावर त्या खुर्चीत जो बसेल ना, त्याच्यासाठी लिहितो."

पुढे मीही ग्रंथालयशास्त्राची पदवी घेतली. इतिहासाच्या पेपरला एक ओळ पाठ केली होती. अमेरिकेतलं पहिलं ग्रंथपाल प्रशिक्षण विद्यालय, संस्थापक मेल्विल ड्यूई, कोलंबिया कॉलेज, न्यूयॉर्क, ५ जानेवारी १८८७. दोन मार्कांना तेवढं पुरत होतं. त्या ओळीच्या आत काय आहे ते पाहायला मला आणखी बरीच वर्षं लागली. पाहिलं तेव्हा सगळ्यात आधी डोळ्यांत भरली ती एक साधी गोष्ट. त्या शाळेत हस्ताक्षर शिकवत होते. उभं, बिनवळणाचं, सुटं अक्षर. मी तिथेच थांबले. ओट्याच्या कडेला मांडलेली कार्डं मला दिसली.

त्याआधी ग्रंथपाल कसा तयार व्हायचा, तर उमेदवारी करून. कुणा जुन्या ग्रंथपालाच्या हाताखाली राहायचं, त्याच्या खोडी सांभाळायच्या, त्याच्या कपाटांचा नकाशा डोक्यात भरायचा. पण तो नकाशा त्या इमारतीपुरताच चालायचा. बहुतेक ठिकाणी पुस्तकाचा क्रमांक म्हणजे त्याचा पत्ता असायचा, अमुक कपाट, तमुक फळी, अमकी जागा. कपाट हललं की पत्ता बदलला. एका ग्रंथालयात वीस वर्षं काढलेला माणूस दुसऱ्या गावी गेला तर पुन्हा पहिलीत बसल्यासारखा. ॲमहर्स्ट कॉलेजच्या ग्रंथालयात काम करता करता ड्यूईनं जी दशमान पद्धत बसवली, तिनं क्रमांक फळीपासून सोडवला आणि विषयाला बांधला. १८७६ साली ती छापली तेव्हा ४४ पानांचं चोपडं होतं आणि त्यावर कर्त्याचं नावही नव्हतं.

माझ्या मते शाळेचं बी या चोपड्यातच पडलं. जोवर प्रत्येक ग्रंथालयाची रीत निराळी, तोवर शिकवणार काय? रीत एक झाली की एका गावात शिकलेलं दुसऱ्या गावात उपयोगी पडतं. मग वर्ग भरवण्यात अर्थ आहे.

ड्यूई १८८३ मध्ये कोलंबियाचा मुख्य ग्रंथपाल झाला आणि त्यानं आल्या आल्या ग्रंथालयात सहा बायका कामाला घेतल्या. वेलस्ली या मुलींच्या कॉलेजातून शिकून आलेल्या. कोलंबिया तेव्हा फक्त मुलग्यांचं. त्याच वर्षी त्यानं ग्रंथपालांच्या परिषदेत शाळेची कल्पना मांडली, पुढच्या वर्षी कॉलेजच्या विश्वस्तांनी तिला होकार दिला. होकार देताना वर्गात कोण बसणार हे त्यांनी फारसं मनावर घेतलं नसावं. प्रवेशाची यादी झाली तेव्हा वीस नावं होती आणि त्यांतल्या सतरा बायका.

बायकांना कॉलेजच्या वर्गात बसवता येणार नाही, असं विश्वस्तांनी कळवलं. शाळा तर काही दिवसांवर आलेली. लांबून लांबून आलेल्या मुलींनी न्यूयॉर्कात राहायच्या जागा धरलेल्या. ड्यूईनं कॉलेजच्या चॅपेलवरची, म्हणजे प्रार्थनाघरावरची, एक अडगळीची खोली शोधली. मोडकं फर्निचर ठाकठीक केलं, फरशी धुऊन घेतली आणि ठरल्या तारखेला वर्ग सुरू केला.

ही खोली माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. एकोणपन्नासाव्या रस्त्यावरची जानेवारीतली ती सकाळ, नुकत्याच पुसलेल्या धुळीचा वास आणि त्या सतरा जणी. त्यांच्यापैकी कितीजणींना घरातून निघताना 'पुस्तकं मांडायला शाळा कशाला लागते?' असं विचारलं गेलं असेल? आईला आमच्या गल्लीत हाच प्रश्न पडवीपडवीत विचारला जायचा. "पुस्तकं द्यायची न् घ्यायची, त्याला कोर्स कसला?"

आईनं एकदा याचं उत्तर दिलं होतं, शेजारच्या काकूंना. म्हणाली, "तुम्ही मसाल्याचे डबे लावता ना, तसंच आहे. फक्त माझ्याकडे चार हजार डबे आहेत, आणि दुसऱ्याच्या घरची बाई अंधारात आली तरी तिला हळद सापडली पाहिजे."

कोलंबियाच्या त्या पहिल्या वर्गात नेमकं हेच शिकवलं जाई. पुस्तक कसं मागवायचं, आलं की दाखल कसं करायचं, वर्गांक म्हणजे विषयाचा क्रमांक कसा ठरवायचा, तालिका कशी करायची, बांधणी कशी पारखायची. छापखाने, बाइंडरांची दुकानं, पुस्तकविक्रेते यांच्याकडे वर्ग नेला जाई. ठिकठिकाणचे ग्रंथपाल येऊन व्याख्यानं देत. आणि त्याच्या जोडीला अक्षर.

ग्रंथालयाचं अक्षर कसं असावं यावर १८८५ मध्ये लेक जॉर्ज इथल्या परिषदेत रीतसर खल झाला होता. आज हसू येईल, पण त्या काळी टंकलेखन यंत्र अजून रुळायचं होतं आणि साडेसात बाय साडेबारा सेंटिमीटरच्या कार्डांनी खणच्या खण भरत होते. एका खणात दहा जणांच्या हातची हजार कार्डं असणार. वाचकाचं बोट सरसर पुढे जायला हवं, मधेच कुणाच्या लफ्फेदार 'एस'पाशी अडायला नको. म्हणून अक्षर उभं हवं, डावी-उजवीकडे कललेलं नको. रेघेची जाडी सगळीकडे सारखी. शेपट्या, वेलांट्यांची कलाकुसर बंद. एकमेकांना जोडून लिहायच्या अक्षरांचा एक नमुना आणि सुट्या अक्षरांचा दुसरा. मुली तासन्‌तास गिरवायच्या, आपण पहिलीत पाटीवर गिरवतो तशा.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे निष्ठुर वाटलं. बाईनं घराबाहेर पडून कमावलेली पहिली जागा, आणि तिथे पाय ठेवताच तिच्या हातातलं तिचं स्वतःचं वळण काढून घ्यायचं? मग आई आठवली. तिला ते दुसरं अक्षर मनापासून आवडायचं. घरातल्या अक्षरात ती कुणाची तरी सून होती, यादी लिहिणारी. वाचनालयातल्या अक्षरात ती ग्रंथपाल होती. वहीचं पान भरलं की ती ते जरा लांब धरून बघायची, काकू रांगोळी झाल्यावर दोन पावलं मागे सरकून बघतात तशी. ते अक्षर तिला कुणी घरून दिलं नव्हतं, तिनं कष्टानं मिळवलं होतं.

विश्वस्तांना ही शाळा शेवटपर्यंत पचली नाही.  ड्यूईनं राजीनामा दिला, तो न्यूयॉर्क राज्याच्या ग्रंथालयाचा प्रमुख झाला आणि १८८९ मध्ये शाळाही त्याच्यामागून राज्याच्या राजधानीला, ऑल्बनीला गेली. राज्याच्या कॅपिटॉल इमारतीत. तिथे ती छत्तीस-सदतीस वर्षं नांदली. २९ मार्च १९११ च्या पहाटे त्या इमारतीला आग लागली आणि राज्य ग्रंथालयाची सुमारे साडेचार लाख पुस्तकं आणि पावणेतीन लाखांच्या आसपास हस्तलिखितं गेली. हे आकडे मी वाचून पटकन पुढे जाऊ शकत नाही. आमच्या वाचनालयात एका पावसाळ्यात छत गळून तीनशे पुस्तकं भिजली होती, तेव्हा आईनं घरभर दोऱ्या बांधून त्यांवर ती वाळत घातली होती, आणि आठवडाभर आम्ही वाकून चालत होतो.

आता ड्यूईबद्दल लिहायलाच हवं, आणि ते सोपं नाही.

वर्गात असताना त्याची तसबीर आमच्यासाठी जवळजवळ देवघरातली होती. दाट दाढी, करारी नजर, ग्रंथालयशास्त्राचा जनक. त्यानं बायकांसाठी दार उघडलं, हे खरंच आहे. सुशिक्षित मुलींनी या पेशात यावं म्हणून तो भाषणं करत हिंडला. पण त्याच माणसाच्या प्रवेशअर्जात मुलींना उंची, वजन, केसांचा आणि डोळ्यांचा रंग विचारलेला असे, सोबत फोटो मागवलेला असे. बायका कमी पगारात काम करतील, हाही त्याच्या हिशेबाचा भाग होता. आणि हे इथेच संपत नाही. तो बायकांच्या अंगचटीला जातो, अशा तक्रारी वर्षानुवर्षं होत्या. १९०५ मध्ये ग्रंथपालांच्या एका सहलीनंतर काही जणींनी त्या उघडपणे मांडल्या आणि जी अमेरिकी ग्रंथालय संघटना त्यानं उभी केली तिच्या कामातून त्याला बाजूला व्हावं लागलं. त्याच सुमाराला त्याच्या लेक प्लॅसिड क्लबात ज्यूंना मज्जाव आहे यावरून गदारोळ झाला आणि राज्य ग्रंथपालाचं पदही गेलं. त्याच संघटनेनं २०१९ मध्ये आपल्या पदकावरून त्याचं नाव काढून टाकलं.

हे सगळं मी आईला सांगितलं होतं. तेव्हा ती निवृत्त झालेली होती. बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "त्या बायका तरी तिथे शिकतच राहिल्या ना?"

राहिल्या. त्याचा त्रास सोसून, त्याला टाळून, त्याच्याशी भांडून शिकल्या आणि बाहेर पडून त्यांनी आपापल्या शाळा काढल्या. या शाळेचा इतिहास मी एका माणसाच्या नावावर लावायला आता तयार नाही, तो या बायकांच्या नावावर लावते. चॅपेलवरच्या त्या पहिल्या वर्गात मेरी राइट प्लमर नावाची एक मुलगी होती. तिनं ब्रुकलिनच्या प्रॅट इन्स्टिट्यूटमध्ये १८९० साली प्रशिक्षणाचे वर्ग सुरू केले. १९११ मध्ये न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयानं आपली शाळा काढली, तिची पहिली प्रमुख तीच. पुढे अमेरिकी ग्रंथालय संघटनेची ती अध्यक्ष झाली. १९१६ मध्ये ती गेली. तिच्यानंतर दहा वर्षांनी, १९२६ साली, ऑल्बनीची शाळा आणि तिनं घडवलेली न्यूयॉर्कची शाळा अशा दोन्ही एकत्र करून पुन्हा कोलंबियात आणल्या गेल्या. सतरा जणींना जिथे वर्गाची खोली नाकारली होती, त्याच विद्यापीठात त्यांच्यातल्या एकीची शाळा समारंभानं आत आली. ती बघायला प्लमर हवी होती.

ऑल्बनीहून १८९२ मध्ये बाहेर पडलेली कॅथरीन शार्प शिकागोला गेली, पुढच्याच वर्षी तिथल्या आर्मर इन्स्टिट्यूटमध्ये तिनं वर्ग उघडला आणि १८९७ मध्ये तो सबंध वर्ग घेऊन ती इलिनॉय विद्यापीठात गेली. ती शाळा आजही चालू आहे. कोलंबियाची मात्र १९९२ मध्ये बंद झाली. आई-शाळा बंद झाली आणि तिच्या लेकींच्या चालू राहिल्या.

आपल्याकडे हा धागा आला तो बडोद्याला. हे मला कॉलेजात नीट कळलं नव्हतं आणि कळायला हवं होतं, कारण या गोष्टीत मराठी आहे. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या ज्या गोपाळला दत्तक जाईपर्यंत अक्षरओळख नव्हती, त्या सयाजीरावांनी १९०६ मध्ये बडोदे संस्थानात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण लागू केलं. मग पुढचा प्रश्न आला. शाळा सोडलेल्या पोरानं वाचायचं काय? गावात पुस्तकच नसेल तर शिकलेली अक्षरं चार वर्षांत पुसून जाणार. अमेरिकेतली सार्वजनिक ग्रंथालयं त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. १९१० मध्ये न्यू हेवनच्या यंग मेन्स इन्स्टिट्यूटचे ग्रंथपाल विल्यम ॲलन्सन बोर्डन बडोद्याला आले. राजवाड्यातली सयाजीरावांची स्वतःची वीस हजार पुस्तकं मध्यवर्ती ग्रंथालयाला मिळाली. आणि १९११ मध्ये बोर्डननं ग्रंथपालांचा वर्ग सुरू केला, भारतातला पहिला.

इमारत बांधली, पुस्तकं आणली, तरी ती चालवणारी माणसं लागतात, हे सयाजीरावांना उमगलं होतं. आजही पुस्तकखरेदीला पैसा निघतो आणि ग्रंथपालाची जागा वर्षानुवर्षं रिकामी राहते, तेव्हा मला १९११ च्या त्या वर्गाची आठवण येऊन तळमळायला होतं. १९१२ मध्ये बडोद्याहून ग्रंथालयांविषयीचं त्रैमासिक निघू लागलं, त्यात इंग्रजीबरोबर गुजराती आणि मराठी मजकूर असे. बोर्डन १९१३ मध्ये परत गेले. नंतर जनार्दन सखाराम कुडाळकरांनी कारभार सांभाळला. मोतीभाई अमीन गावोगाव वाचनालयं उभी करत हिंडत होते. गावानं वर्गणी जमवायची, तेवढीच भर प्रांत पंचायतीनं घालायची आणि तेवढीच सरकारनं. फिरत्या पेट्यांतून पुस्तकं खेड्यांत जात. लाकडी पेटी गावात उतरतेय आणि पोरं भोवती जमलीयत, हे दृश्य मला चॅपेलवरच्या खोलीइतकंच प्रिय आहे.

दुसरा धागा लाहोरला गेला. १९१५ मध्ये पंजाब विद्यापीठानं एसा डॉन डिकिन्सन यांना बोलावलं. हे थेट ऑल्बनीच्या शाळेत शिकलेले. त्यांनी तिथे वर्ग घेतला आणि विद्यार्थ्यांसाठी एक प्राथमिक पाठ्यपुस्तकही लिहिलं. त्यांच्या हाताखाली तयार झालेले असदुल्ला पुढे कोलकात्याच्या इंपीरियल लायब्ररीचे प्रमुख झाले आणि १९३५ मध्ये त्यांनी तिथे वर्ग सुरू केला. मद्रासला ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन लंडनहून शिकून येऊन १९२९ पासून शिकवू लागले होते, त्यांची वाट वेगळी आणि खूप मोठी, तिच्यावर स्वतंत्र लिहायला हवं. मुंबई विद्यापीठात १९४४ मध्ये अभ्यासक्रम आला. पुढे कधीतरी, अशाच कुणाकुणाच्या हाताखालून, जिल्ह्याच्या गावी फळ्यावर आडनाव, स्वल्पविराम, नाव असं लिहिणारे सर आले, आणि त्यांच्यासमोरच्या बाकावर पहाटेच्या एसटीनं आलेली माझी आई.

मराठी कादंबरीच्या कण्यावर ती ८९१.४६३ असा ड्यूईच्या पद्धतीतला आकडा टाकायची. कवितेला शेवटी १, नाटकाला २. ड्यूईच्या मूळ आखणीत धर्माच्या सगळ्या शंभरीत ख्रिस्ती धर्मानं पाय पसरलेले आणि बाकी साऱ्या जगाला २९० नंतरची दाटीवाटी. आई आमची संतवाङ्मयाची अख्खी भिंत त्या दाटीत बसवायची. तक्रार करायची नाही, पण एकदा म्हणाली होती, "आपल्या माणसांना यानं फारच मागची सीट दिलीय गं."

आईला जाऊन आता चार वर्षं झाली. गेल्या दिवाळीत गावी गेले तेव्हा वाचनालयात डोकावले. नवी ग्रंथपाल विशी-पंचविशीतली आहे, तीही त्याच जिल्ह्याच्या वर्गातून शिकून आलेली. ती जुन्या दाखलनोंद वह्या कॉम्प्युटरवर चढवत होती. वही डावीकडे उघडी, डोळे वहीवर, बोटं कळांवर. मी कोण ते सांगितलं नाही, पडवीत पेपर चाळत बसले. टकटक एका लयीत चालू होती. मधेच थांबली.

"ताई, तुम्हाला हे लागतंय का बघा ना," म्हणत ती वही घेऊनच बाहेर आली. १९९३ चं पान होतं. आई टायफॉइडनं दोन महिने अंथरुणाला होती तेव्हा समितीतल्या कुणीतरी नोंदी केल्या होत्या. लेखकाचं नाव की प्रकाशकाचं, किंमत की पानं, काहीच धड लागेना. आम्ही दोघींनी खिडकीपाशी वही तिरकी धरून पाहिली. तीन ओळी लागल्या, बाकीच्यांवर तिनं पेन्सिलीनं बारीक खूण केली आणि म्हणाली, पुस्तकं काढूनच बघावी लागतील.

ती आत गेली, पान उलटलं. टकटक परत सुरू झाली, आधीच्याच लयीत, आणि बराच वेळ थांबली नाही.